शेंड्याचा वाटा

१

मेंढ्यांना पाला टाकला की पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. हे मला आत्याने मी नीट चालायलाही लागले नव्हते तेव्हापासून शिकवलंय. "कुणी जेवत असताना टक लावून बघू नये," ती म्हणायची. "तुझ्याकडे असं कुणी बघितलं तर तुझा घास उतरेल का?"

त्या हिवाळ्यात हे आमचं रोजचं काम होऊन बसलं होतं. उन्हाळा सगळा पावसात गेला, वाळत घातलेलं गवत कुजलं, आणि डिसेंबर लागता लागता असा बर्फ पडला की खालून येणारा रस्ताच दिसेनासा झाला. पेंडेचा ट्रक येणं शक्य नव्हतं. मग अ‍ॅग्नेस आत्याने माळ्यावरची फांद्या ओढायची जुनी लांब आकडी काढली, कोयत्याला धार लावली आणि मला म्हणाली, "चल हेस्टर, आता माझ्या बापाच्या वेळेसारखं करू."

घरामागच्या चढावर दगडी गडग्याला धरून हॉलीच्या झाडांची रांग आहे. आमच्या शेताचं नावच हॉलिन्स. इकडच्या जुन्या बोलीत हॉलीला हॉलिन म्हणायचे. खाली शहरातली माणसं नाताळात याची लाल फळांची डहाळी दारावर टांगतात आणि सहा जानेवारीला काढून टाकतात. आमच्या डोंगरात हॉली म्हणजे वैरण. सगळं पांढरं झालं तरी हे झाड हिरवं राहतं आणि मेंढी त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. शिवाय साल कुटून पाखरं धरायचा चिकटा करायचे, पांढऱ्या लाकडाचे चाबकाचे दांडे करायचे, आणि वीज पडू नये म्हणून घराच्या भिंतीला लागून एक तरी झाड लावायचेच. आमच्याही घराला लागून ते आहे, माझ्या खोलीच्या खिडकीशी.

हॉलीची एक गंमत मी कॉलेजात शिकले. खालच्या पानांच्या कडेला काटे असतात, वरच्या पानांना नसतात. जिथवर जनावराचं तोंड पोचतं, जिथवर झाड ओरबाडलं जातं, तिथवर ते काटेरी पानं काढतं. त्याच्या वर त्याला भीती नसते, म्हणून तिथली पानं गुळगुळीत. आपण शिडी लावून ती वरची मऊ पानं मेंढ्यांसाठी उतरवायची. हे मी आत्याला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई. एवढी फी भरून मेंढीला काय आवडतं ते कळलं."

पण अगदी शेंड्याचा झुपका तोडायचा नाही. त्याला म्हणायचं शेंड्याचा वाटा.

"कुणाचा वाटा?" मी लहानपणी विचारायचे.

"शेंड्याचा."

झाड पुन्हा फुटावं म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेला नियम असणार, असं मी कॉलेजात असताना ठरवून टाकलं होतं. कारण सापडलं की मला बरं वाटतं. मी जराशा आवाजाने दचकणारी मुलगी आहे, किटलीची शिट्टी झाली तरी माझ्या हातातला कप हिंदकळतो. कारणं माहीत असली की तेवढा वेळ तरी हात स्थिर राहतो.

जानेवारीत मी जाणार होते. दक्षिणेत एका वनस्पती उद्यानात नोकरी मिळाली होती. फक्त त्याआधी कळप जगायला हवा होता. आमच्या हर्डविक जातीच्या मेंढ्या गेल्या तर दुसऱ्या आणून चालत नाही. उघड्या डोंगरावर कुंपण नाही. आपली हद्द कुठवर, वादळात आडोसा कुठे घ्यायचा, हे कोकराला आई चालवून चालवून शिकवते. तिला तिच्या आईने शिकवलेलं असतं. सगळ्या मेंढ्या गाभण होत्या. त्या मेल्या असत्या तर ते शिकवणंच संपलं असतं, आणि आत्याही फार दिवस राहिली नसती. ती असं बोलली नाही. पण मला आई-बाबांच्या मागे तिनेच वाढवलंय, तिचं न बोलणं मला कळतं.

२

एका सकाळी खोलीत कोंदट वाटलं म्हणून मी खिडकी उघडली, आणि चौकटीवरचा बर्फ झाडायला हात बाहेर काढला तर बोटाला काटा टोचला.

मी बोट तोंडात घातलं आणि तशीच उभी राहिले. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, काय ते ध्यानात येत नव्हतं.

मग आलं. लहानपणी ताप आला की मी या खिडकीतून हात काढून हॉलीचं पान गालाला लावायचे. थंडगार, गुळगुळीत, चमच्याच्या पाठीसारखं. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. इथे कुणाचं तोंड पोचत नाही. इथली पानं गुळगुळीतच असायला हवीत.

मी फांदी ओढून घेतली. सगळी पानं काटेरी होती. वर पाहिलं. छपराच्या कडेपर्यंत, धुराड्याच्या बुडापर्यंत, काटेच काटे.

खाली आले तर आत्या चुलीवर ओटची भाकरी उलटत होती.

"आत्या, खिडकीशी पानं काटेरी झालीत."

"मग हात नको घालूस."

"अगं, पण एवढ्या उंचावर? हरीण बर्फाच्या ढिगावर चढलं असेल तर..."

"असेल."

"पण ही पानं गेल्या वर्षीच्या ओरबाडण्यानंतर फुटलेली. गेल्या वर्षी बर्फच कुठे पडला होता?"

"मग नसेल." तिने भाकरी माझ्या ताटलीत टाकली. "खा. गार झाली की पायताण होतं तिचं."

मी खाल्ली. वाऱ्याने घासून घासून पानं फाटली असतील, त्याने झाडाला ओरबाडल्यासारखं वाटलं असेल. झाडाला काय कळतंय! असं म्हणत म्हणत मी दिवसभर काम केलं, आणि प्रत्येक झाडापाशी शिडीवरून मान वर करून बघितलं. मधली पानं गुळगुळीत होती, मेंढ्यांना हवी तशी. न तोडलेला शेंड्याचा झुपका मात्र दर झाडावर काटेरी होता.

मेंढ्यांच्या उंचीला काटे, मध्ये मऊ, आणि शेंड्याला पुन्हा काटे. म्हणजे खालून कुणीतरी खातं, आणि वरूनही.

हे वाक्य मनात पुरं झालं तेव्हा मी शिडीवर होते. उतरताना प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवत उतरले.

३

त्यानंतर मला आवाज ऐकू यायला लागला. आधीपासून येत असेल, मी नाव दिलं नव्हतं इतकंच.

दुपारचा चहा होता. बाहेर धुकं उतरलं होतं. आमचा कुत्रा मॉस चुलीपाशी पडला होता. त्याने एकदम कान टवकारले, मग हनुवटी जमिनीला टेकवून सपाट झाला. गुरगुरला नाही. मेंढ्या वळवताना मालकाची शीळ ऐकून पडतो ना, तसा पडला.

माझ्या खोलीच्या बाजूने, भिंतीबाहेरून, वरच्या मजल्याच्या उंचीवरून आवाज आला. कर्र. थांबला. पुन्हा कर्र. मग सावकाश, ओलसर, दळल्यासारखा. गोठ्यात वाढलेल्या मुलीला हा आवाज सांगावा लागत नाही. कुणीतरी पाला तोडत होतं आणि चावत होतं. घाई नव्हती. एक घास संपायला एवढा वेळ लागत होता की माझा श्वास मध्येच संपत होता.

"आत्या!"

"चहा घे."

"ऐकू येतंय ना तुला?"

"मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

"काय आहे ते?"

आत्याने जिंजरब्रेडचा तुकडा चहात बुडवला. "तू कॉलेजात शिकलीस. तूच सांग."

"छपरावरचा बर्फ सरकतोय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बघ. सरकत असेल."

मी खिडकीकडे जायला उठले. तिने नुसता माझा हात मनगटाशी धरला. घट्ट नाही, पण मी बसले.

"कुणी जेवत असताना..." ती म्हणाली. पुढचं मला पाठ होतं.

समोरच्या खिडकीतून गोठ्यापुढचं अंगण दिसत होतं. मेंढ्या धुक्यात उभ्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं आमच्या घराकडे होती, जरा वर उचललेली. पावसाआधी उभ्या राहतात तशा नव्हत्या. चर्चमध्ये प्रार्थना संपायची वाट बघणारी माणसं उभी राहतात, तशा.

४

नाताळ आला तसा गेला. बर्फ थांबेना. वीज गेली, फोन मुका झाला. मग आत्याची छाती भरली. दोन उशा पाठीशी घेऊन ती खालच्या खोलीत पडून होती आणि खोकला आला की भिंतीकडे तोंड फिरवायची, मला दिसू नये म्हणून.

झाडं संपली होती. गडग्याच्या रांगेत एकाही फांदीवर मेंढीला खाता येण्यासारखं पान उरलं नव्हतं. नुसते शेंडे. प्रत्येक उघड्या झाडावर वर एक हिरवा झुपका, टोपीसारखा.

त्या सकाळी गोठ्यात गेले तर मेंढ्या एकमेकींच्या अंगावरची लोकर चावत होत्या. एक जुनी मेंढी, तिला आम्ही राणी म्हणतो, खाली बसली होती आणि मी ओढलं तरी उठेना. तिच्या पोटावर हात ठेवला तर आत कोकरू हललं.

मी घरात आले. "आत्या, शेंडे घेते मी."

"नको."

"मग काय मरू द्यायच्या? राणी उठत नाहीये."

आत्याने छताकडे बघितलं. वर माझी खोली, त्यापलीकडे ते झाड. "माझ्या बापाने एका वर्षी घेतले होते," ती म्हणाली.

"मग?"

"मग मेंढ्यांनी तोंड लावलं नाही. पाल्यापुढे उभ्या राहून मेल्या." तिला खोकला आला. थांबल्यावर म्हणाली, "त्याने न विचारता घेतले. घ्यायचेच असतील तर विचारून घे."

"कुणाला? कसं विचारायचं?"

पण तिचे डोळे मिटले होते. मी छाती वरखाली होतेय ना ते बघून घेतलं, आणि कोयता उचलला.

५

धुक्यात शिडीचं वरचं टोक दिसत नव्हतं. मी एकेका झाडावर चढत गेले. रडत होते की नाही आठवत नाही, गालांवर काहीतरी गोठत होतं हे खरं. शेंड्याची पानं जवळून बघितली ती अशी पहिल्यांदाच. टोकाच्या फांद्या तोडलेल्या होत्या, पण कोयत्याने नाही. पिळून ओढल्यासारख्या, आणि जुन्या जखमांवर झाडाने साल चढवलेली होती. माझ्या जन्माच्याही आधीच्या असाव्यात काही.

सगळे शेंडे खाली आले. ओढत ओढत गोठ्यापाशी आणले, कोयत्याच्या पाठीने काटे ठेचले, पसरले, आणि हाळी दिली. "होऽऽ, या गं! होऽऽ!"

मेंढ्या आल्या. राणीसुद्धा आली, कशी उठली तिलाच ठाऊक. पाल्यापाशी येऊन सगळ्या थांबल्या. एकीनेही मान खाली घातली नाही.

"खा ना," मी म्हणाले. "खा, बायांनो! कशासाठी थांबलात?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या डोक्यावरून, मागे, वर बघत होत्या.

मॉस पायाशी सपाट झाला. माझ्या मानेवर ऊब आली. बर्फातल्या उघड्यावर, भर धुक्यात, चुलीचं दार उघडल्यासारखी ऊब. तिला वास होता, चावलेल्या हॉलीचा कडवट, आणि त्याखाली दुधासारखा काहीतरी. समोरच्या गडग्यावर साठलेला बर्फ टप टप वितळायला लागला.

मागे वळायचं नाही, एवढं एकच मला येत होतं. लहानपणापासून तेवढं एकच पक्कं शिकले होते.

आत्या म्हणाली होती, विचारून घे. पण तोंडातून शब्द निघेना, आणि निघाला असता तरी कोणता काढायचा होता? मी खाली वाकले. पाल्यातला सगळ्यात मोठा झुपका, ठेचायचा राहिलेला, आकडीच्या टोकाला अडकवला. आकडी दोन्ही हातांनी धरली आणि खांद्यावरून मागे, वर, जेवढी जाईल तेवढी उंच केली.

काहीच झालं नाही. आकडीवरची पानं वाजत होती.

मग आकडी जड झाली. इतकी, की मी गुडघ्यांवर आले. कर्र. तोच आवाज, या वेळी भिंतीआडून नाही. दांड्यातून तो माझ्या तळव्यांत उतरला, दातांत उतरला. पाला ओढला गेला, चावला गेला, पुन्हा ओढला गेला. ओठ म्हणू का? जे काही होतं ते दांड्यावरून चाचपत खाली आलं, आणि माझ्या मुठीपाशी येऊन थांबलं. मुठीला लागलं नाही. घोड्याला हातावर साखर दिली की चांगला घोडा बोटं सांभाळून घेतो ना, तसं. एवढं मोठं, आणि एवढं जपून.

मला भीती वाटायला हवी होती. वाटतही असेल. पण ती कुठेतरी खाली, पायाशी राहिली होती, आणि वर सगळं शांत झालं होतं. चर्चमध्ये लहानपणी जे वाटेल म्हणून मी वाट बघायचे आणि कधी वाटलं नाही, ते त्या गोठ्यापुढे, चिखलात गुडघे टेकून वाटलं.

राणी माझ्या समोरच उभी होती, हाताच्या अंतरावर. मी तिच्याकडे बघत होते, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. तिच्या पिवळट डोळ्यात सगळं दिसत होतं. मी होते, एवढीशी. आकडी होती. धुकं होतं. आणि माझ्यामागे जे उभं होतं त्याचे पाय त्या डोळ्यात मावले होते. फक्त पाय. वरचं मावलं नव्हतं.

मग आकडी हलकी झाली. राणीने मान खाली घातली आणि खायला सुरुवात केली. तिच्यामागोमाग सगळ्यांनी.

मी उठले, मागे न वळता आडवी आडवी चालत घरात आले. आत्या जागी होती.

"जेवण झालं?" तिने विचारलं.

"झालं."

कुणाचं, ते तिने विचारलं नाही.

६

त्या दिवसापासून बर्फ वितळेपर्यंत मी रोज तेच केलं. बर्फ चालण्याइतका घट्ट झाला तसे लांबच्या राईतल्या झाडांवरचे हिरवे वेल, पाइनच्या कोवळ्या डहाळ्या, ओढ्यापलीकडच्या हॉली, जे मिळेल ते. आधी आकडी वर, मग मेंढ्या. रस्ता उघडला तेव्हा शेजारचा आयझॅककाका ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या कळपातल्या निम्म्या गेल्या होत्या. त्याने आमच्या मेंढ्यांकडे बघितलं आणि शीळ घातली.

"काय गं हेस्टर, केक चारलास की काय यांना? माझ्या बायकोपेक्षा तुझ्या मेंढ्या गुबगुबीत दिसताहेत." मग त्याची नजर गडग्याकडे गेली. झाडांकडे. त्याने टोपी काढली. "शेंडे घेतलेस?"

"विचारून घेतले, काका."

त्याने टोपी ट्रॅक्टर फाटकाबाहेर जाईपर्यंत हातातच ठेवली.

वसंतात कोकरं झाली. आत्या उठून बसली, मग काठी घेऊन चालायला लागली, मग मला शिव्या द्यायला लागली. उद्यानवाल्यांनी माझी जागा थोडे दिवस राखून ठेवली होती. जाण्याआधी एकदा आत्याच्या हातात आकडी देऊन बघितली. पाला पसरला, तिने आकडी उंच केली, मेंढ्या थांबल्या. वाट बघत राहिल्या, संध्याकाळपर्यंत. मी बॅग ठेवून बाहेर आले आणि तिच्या हातातून आकडी घेतली तेव्हा कुठे मानेवर ऊब आली.

"बघ," आत्या म्हणाली. "आम्हाला कुणी एवढा मान नाही दिला कधी." हसून म्हणाली, पण त्या रात्री तिने माझी बॅग स्वतः रिकामी केली आणि कपडे कपाटात लावले.

याला आता तिसरा हिवाळा आहे. त्या वसंतातली कोकरं आता स्वतः गाभण आहेत. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, तरी पाला टाकला की आयांसारखीच थांबतात आणि वर बघतात. आईने शिकवलं असणार.

आज सकाळी खिडकीतून हात बाहेर काढला. यंदाची पालवी गालाला लावून बघितली. थंडगार, गुळगुळीत. छपरापर्यंत बघितलं, एकाही नव्या पानाला काटा नाही. झाडाला आता वरून कुणी ओरबाडत नाही. त्याची भीती गेली आहे.

आकडी हल्ली फार उंच करावी लागत नाही. मागच्या वर्षी खांद्याच्या वर धरली तरी पुरे व्हायचं. या महिन्यात तर तिचा दांडा मध्यावर धरते, तरी मूठ ओली होते. ते वाकायला शिकतंय. का मी उंच झाले, कोण जाणे.

दुपार होत आली. धुकं उतरलंय. मेंढ्या गोठ्यापुढे जमल्या आहेत आणि मॉस पायाशी सपाट झालाय. गडग्यावरचा बर्फ ठिबकायला लागला आहे.

आज आकडी भिंतीलाच टेकवून ठेवली आहे. डहाळी हातात धरून बघते.